दुमडलेल्या कोपऱ्याची पट्टी

१

टेलरबाई पडल्या तेव्हा माईंचा उजवा पाय माईंचा नव्हता. सकाळी गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, पायाच्या नसेजवळ बधिर करायचं औषध सोडलं होतं, आणि आता तो पाय कुणा परक्याने आणून खाटेवर टाकलेल्या ओंडक्यासारखा पडून होता. समोरच्या खाटेवरची बाई वॉकरला हात घालून उठली, तिने एक पाऊल टाकलं, आणि तिचा गुडघा ओल्या कापडासारखा खाली बसला. माईंना हे सगळं नुसतं बघावं लागलं. उठता येईना म्हणून त्या ओरडल्या. ओरडण्यात त्या कधी कमी पडलेल्या नव्हत्या, तरी लोखंडी कपाटाच्या कडेवर डोकं आदळल्याचा आवाज त्याच्याही आधी झाला.

थोरल्या सिस्टर धावल्या, मागून आणखी चार जण. टेलरबाईंना उचलून अतिदक्षता विभागात नेलं. खोलीत उरली रिकामी खाट, आडवा पडलेला वॉकर, आणि माई. मग डॉक्टर लोक आले आणि रिकाम्या खाटेभोवती उभे राहून भांडू लागले. माई तिथे आहेत याची कुणाला शुद्धच नव्हती. हा अपमान त्यांनी मनात टिपून ठेवला.

भांडण होतं त्या संशोधनाचं. या दवाखान्यात गेले काही महिने एक तपासणी चालू होती, आणि ती चालवत होती माईंची धाकटी सून. भूल देणारी डॉक्टर. गुडघा बदलल्यावर जो जीवघेणा ठणका लागतो, तो अडवायला पायाच्या नसेजवळ इंजेक्शन देतात. ते द्यायच्या दोन जागा. एक वर, जांघेत. तिथे दिलं की ठणका थांबतो, पण पाय लुळा पडतो. दुसरी खाली, मांडीच्या मध्यावर. तिथे दिलं तर ठणकाही थांबावा आणि पायातली ताकदही राहावी, असं सुनेचं म्हणणं. कोणाला कुठे द्यायचं ते बंद पाकिटात. पेशंटला कळू नये आणि तपासणाऱ्यालाही कळू नये म्हणून सुई एकाच जागी टोचायची, चिकटपट्टी मात्र दोन्ही जागी लावायची. एक खरी, एक खोटी. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत त्या पट्ट्या कोणी काढायच्या नाहीत. आणि दिवसभर येईल जाईल त्याने पेशंटला विचारायचं, शून्य ते दहा, किती दुखतंय?

माईंना सकाळपासून जितक्यांनी विचारलं तितक्यांना त्यांनी एकच उत्तर दिलं होतं. “शून्य.”

“पाकीट फोडलंय मी,” हाडवाले डॉक्टर म्हणाले. त्यांचा साधा आवाजसुद्धा जिन्यापर्यंत जाई. “आत मांडी लिहिलंय. मांडीत दिलं असतं तर बाई पडली असती का? पाय लुळा होता. म्हणजे सुई जांघेत गेली. चुकीच्या जागी. आणि या बाईला आपण चालायची परवानगी दिली.”

“पाय लुळा नव्हता,” व्यायाम करून घेणारी पोरगी म्हणाली. तिला माईंनी कसरतवाली असं नाव ठेवलं होतं. “जेवणानंतर मी पाय उचलायला लावला होता. सरळ उचलला त्यांनी. म्हणून तर परवानगी दिली.”

“आता तू असंच म्हणणार.”

 सुनेच्या चेहऱ्याचा रंग भिंतीसारखा पांढरा झाला होता. शेवटी सगळ्यांनी मोठ्या सरांकडे पाहिलं. ते भूल विभागाचे प्रमुख, सुनेचे गुरू, पिकल्या केसांचे, हळू बोलणारे. सकाळी ऑपरेशनच्या आधी ते माईंजवळ येऊन उभे राहिले होते, कपाळावर हात ठेवून तोंडाकडे बघत म्हणाले होते, “घाबरलाय तुम्ही.” माईंनी “मी नाही घाबरत कुणाला” म्हणून हात झटकला होता.

आता मोठे सर रिकाम्या खाटेकडे बघत म्हणाले, “संध्याकाळी कमिटी बसेल. तोवर संशोधन बंद. आणि तू,” सुनेकडे न बघता, “तू पेशंटला हात लावू नकोस.”

सगळे गेले. सून मागे राहिली, वॉकर उचलून तिने भिंतीला टेकवला.

“आई,” ती म्हणाली, “कदाचित माझंच चुकलं असेल.”

२

माईंना सुनेत खोट काढायला कधी अडचण पडली नव्हती. ती भाजी जाड चिरते. ती दार लावताना आवाज करते. ती पुस्तक वाचत जेवते. पण हे सगळं बोलायचा हक्क माईंचा होता, आणि तो त्यांनी कुणा हाडवाल्याला दिलेला नव्हता.

“काय चुकलं?” त्यांनी विचारलं.

“सुई मांडीतच दिली मी. मशीनच्या पडद्यावर दिसत होतं मला, नस, औषध, सगळं. पण कधीकधी औषध वर चढतं. उशिराने पाय लुळा पडू शकतो. मी छातीठोक नाही सांगू शकत.”

“मग कमिटीपुढे काय सांगणार?”

“हेच.”

“झालं. म्हणजे स्वतःच्या हाताने गळ्यात दोरी.”

“टेलरबाईंना शुद्ध आली नाही तर, आई, दोरी काय नि नोकरी काय.” तिचा आवाज फाटला. “दोन मुली आहेत त्यांना. बाहेर बसल्यात.”

 दुपारी त्या मुली डबा घेऊन आल्या होत्या तेव्हा टेलरबाईंनी माईंच्या खुंटीवर टांगलेल्या ब्लाउजकडे बघून सांगितलं होतं, खांद्यात चुकलाय हा, कुणी शिवला? त्यावर दोघींची जुंपली होती. मग टेलरबाई मांडी धरून कण्हायला लागल्या, आणि माईंनी सुनावलं होतं, “दोन बाळंतपणं काढलीत ना? गुडघ्याचं काय मेलं रडायचं.”

ते आठवलं तसं माईंनी तोंड कडू केलं आणि डोळे मिटले. डोळे मिटल्यावर पुन्हा तेच दिसलं. टेलरबाई फरशीवर, कुशीवर, दवाखान्याचा झगा वर सरकलेला. पायावर दोन पट्ट्या. मांडीवरच्या पट्टीचा एक कोपरा दुमडलेला, कुत्र्याच्या कानासारखा. जांघेतली पट्टी मात्र सपाट.

माईंनी डोळे उघडले.

घरी त्यांनी सुनेला याच एका गोष्टीवरून शंभर वेळा बोलून घेतलं होतं. चिकटपट्टीचं रीळ असो, पोरांच्या कोपराला लावायची पट्टी असो, सून आधी कोपरा दुमडणार. म्हणे, काढताना नखाने खरवडायला नको, कातडी ओढली जात नाही, दुखत नाही. माई म्हणत, अर्धी पट्टी तर दुमडण्यातच जाते.

“टेलरबाईंच्या दोन्ही पट्ट्या तू लावल्यास?”

“हो.”

“कोपरा दुमडलास?”

“आई, आता हे—”

“दुमडलास का?”

“मी नेहमीच दुमडते. हाताला सवयच आहे.”

“मग वरची पट्टी तू लावलेली नाहीस,” माई म्हणाल्या. “ती बदललीय कुणीतरी.”

३

सुनेला अतिदक्षता विभागात जायची बंदी होती आणि माईंना खाटेवरून उतरायची. म्हणून माईंनी थोरल्या सिस्टरना हाक मारली. सिस्टर जाड अंगाच्या, दोन तपं वॉर्ड सांभाळलेल्या, माईंना पाठीमागे ‘फौजदारीण’ म्हणणाऱ्या.

“पट्ट्या सकाळपर्यंत काढायच्या नाहीत असा नियम आहे,” सिस्टर म्हणाल्या.

“संशोधन बंद झालंय. मग नियम कुणाचा?”

सिस्टरनी सुनेकडे पाहिलं, मग माईंकडे, आणि निघाल्या. दारात थांबून म्हणाल्या, “मी नुसती बघून येते. तुमचं ऐकून नाही. मलाच राहवत नाही म्हणून.”

त्या जातात न जातात तोच चष्मेवाला डॉक्टर आला. हा शिकाऊ, सुनेच्या हाताखालचा. नात्यातलं माणूस म्हणून माईंना सुनेने हात लावायचा नव्हता, तेव्हा माईंचं इंजेक्शन यानेच दिलं होतं. माईंच्या दोन्ही पट्ट्या चारही बाजूंनी गच्च चिकटलेल्या, सपाट. म्हणजे कोपरा न दुमडणारा एक तर समोरच उभा होता.

“शून्य ते दहा, किती?” त्याने हातातलं पेन सरसावून विचारलं.

“पेन खिशात ठेव. मला सांग, टेलरबाईंची पट्टी तू कशाला बदललीस?”

पेन खाली पडलं. सूनही दचकली. खाली मुंडी घालून हा पोरगा पेन शोधत बसला आणि वर आला तेव्हा त्याचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर होता.

“मी हात नाही लावला. देवाशप्पथ. मी फक्त आकडा विचारायला आलो होतो. त्यांनी दोन सांगितला. मी दोन लिहिला. तुम्हीच होता की इथे.”

ते खरं होतं. आकडा सांगण्याआधी टेलरबाईंनी एकदा माईंकडे पाहिलं होतं, तेही माईंना आठवत होतं.

“आणि नंतर पुन्हा आलास. पडदा ओढलास. दुसरं इंजेक्शन दिलंस.”

“मला नाही येत,” तो म्हणाला, आणि लाजेने त्याचे कान लाल झाले. “मशीनच्या पडद्यावर बघितल्याशिवाय नसेजवळ सुई घालायला मला येत नाही. ते मशीन ढकलत आणावं लागतं. दुपारभर ते ऑपरेशनच्या खोलीतच होतं. विचारा मॅडमना.”

सुनेने मान हलवली. “खरंय. मीच वापरत होते.”

“बाहेर कुणाला बोलू नकोस,” माई त्याला म्हणाल्या. “आणि चष्मा वर कर.”

तो गेला, आणि सिस्टर परत आल्या. त्यांनी दार लोटून घेतलं. एवढ्या वर्षांत त्यांनी त्या खोलीचं दार कधी लोटलं नसेल.

“खालच्या पट्टीखाली सुईचं टोक गेल्याची खूण आहे,” त्या हळू म्हणाल्या. “कोपरा दुमडलेला. आणि वरच्या पट्टीखालीसुद्धा आहे. ताजी.”

“बाई कशी आहे?” सुनेने विचारलं.

“तशीच. हाक मारली की पापणी हलते. बस.”

४

म्हणजे दोन सुया. एक सकाळी, मांडीत, सुनेची. दुसरी दुपारी, जांघेत, चोरून. कसरतवालीने पाय उचलायला लावला त्यानंतर, आणि टेलरबाई उठल्या त्याआधी. त्या बाईला चालायची परवानगी मिळालेली, आणि पाय मात्र मागाहून झोपवलेला. तिला कुणी सांगितलं नाही की आता उठू नकोस.

“पडदा कुणी ओढला होता?” सिस्टरनी विचारलं. “तुम्ही तर इथेच होता.”

हा प्रश्न माईंना नको होता. त्या वेळी त्यांनी मुद्दाम तोंड भिंतीकडे फिरवलं होतं. टेलरबाई चादरीचा बोळा तोंडात धरून रडत होत्या, आणि रडणाऱ्या माणसाकडे बघत बसणं माईंना कधी जमलं नव्हतं.

“पडद्याच्या कड्या वाजल्या,” त्या म्हणाल्या. “मान वळवली तर पाठ दिसली. हिरवे कपडे, टोपी. ते तर तुम्ही सगळेच घालता. मग फटीतून एवढंच दिसलं की तिचा गुडघा नाचतोय.”

“नाचतोय म्हणजे?”

“चादरीखाली वाटी उडत होती. टक, टक, टक. ठेक्यात. मला वाटलं कसरतवालीचा काही नवा खेळ असेल.”

कसरतवालीला बोलावलं. तिचे कपडे निळे, हिरवे नव्हेत, आणि डोळे रडून सुजलेले.

“मी नाही, माई. पहिल्या दिवशी मी नुसता पाय उचलायला लावते. गुडघा कशाला नाचवू? टाके ताजे असतात.”

“मग कुणी नाचवला?”

“मला काय माहीत. पण मी खोटं बोलत नाही, त्यांनी पाय उचलला होता. हवेत धरून मला म्हणाल्या, बघ, त्या समोरच्या आजींना येतो का असा उचलता.”

“म्हणाली होती खरी,” माई म्हणाल्या. “शिष्ट मेली.”  त्यांनी पांघरुणाची कड उगाच सरळ केली.

तेवढ्यात दार धाडकन उघडलं. हाडवाले डॉक्टर. ते आत यायच्या आधी त्यांचा आवाज आला. “इथे काय सभा भरलीय? आजी, शून्य ते दहा, किती?”

“शून्य,” माई म्हणाल्या. हे उत्तर दुपारी खरं होतं. आता मात्र ओंडक्याच्या आत कुठेतरी, खोल, कुणीतरी निखारा ठेवल्यासारखं वाटायला लागलं होतं. “डॉक्टर, तुम्ही टेलरबाईंचा गुडघा नाचवलात का?”

“काय?”

“पडदा ओढून. चादरीखाली.”

“आजी, गुडघा कापायचं काम माझं. नाचवायचं नाही.” ते एवढ्या मोठ्याने हसले की सिस्टरनी कपाळाला हात लावला. मग सुनेकडे वळून म्हणाले, “कमिटी राउंडनंतर लगेच आहे. तयारीत राहा.” आणि पावलं वाजवत गेले.

माईंनी सुनेकडे पाहिलं. ती खिडकीच्या कठड्याला धरून उभी होती. गुडघा नाचण्याची गोष्ट निघाल्यापासून ती एक शब्द बोलली नव्हती.

“तुला कळलंय,” माई म्हणाल्या. “कोण ते.”

५

“मी नाही सांगणार,” सून म्हणाली.

सिस्टर आणि कसरतवाली दोघींना माईंनी हाताने खूण करून बाहेर काढलं. दार लागल्यावर त्यांनी आवाज खाली आणला. तो खाली येतो हे सुनेला लग्नानंतर पहिल्यांदाच कळलं.

“नाव नको सांगू. गुडघा का नाचतो तेवढं सांग.”

 सून खाटेच्या कडेवर बसली.

“आधी ही पडद्याची मशिनं नव्हती. नस आतून दिसायची नाही. मग एक छोटं यंत्र असायचं, मुठीत मावेल एवढं. सुईतून हलकीशी वीज सोडायची. सुई जांघेतल्या मोठ्या नसेजवळ पोचली की गुडघ्याची वाटी आपोआप उडायला लागते. ती नाचली की समजायचं, जागा बरोबर. मग औषध सोडायचं. आता कुणी वापरत नाही ते. आमच्या वेळच्यांनी तर हातातसुद्धा धरलेलं नाही.”

“जुन्यांनी धरलेलं आहे.”

सुनेने मान खाली घातली.

माईंनी बोटांवर मोजायला घेतलं. कोपरा सपाट, तेव्हा सून नव्हे. मशीन नाही तर सुई नाही, तेव्हा चष्मेवाला नव्हे. कसरतवाली सुई धरत नाही आणि तिचे कपडे निळे. हाडवाल्याला तर कानात सांगायचं म्हटलं तरी गल्लीला ऐकू जातं. पडद्यामागे तो असता तर सगळा वॉर्ड जागा झाला असता. पडद्यामागून मात्र शब्द आला नव्हता. एकसुद्धा.

तिथे माईंचं बोट अडलं.

“आकडा,” त्या म्हणाल्या.

“काय?”

“पडद्यामागच्याने आकडा विचारला नाही. इथे झाडू मारायला येतो तोसुद्धा शून्य ते दहा विचारायला लागलाय. सकाळपासून मला एकच माणूस भेटला ज्याने आकडा विचारला नाही. माझ्या तोंडाकडे बघितलं नि सांगितलं, घाबरलाय तुम्ही.” त्या थांबल्या. “आणि मी घाबरले होते.”

सुनेचे डोळे भरून आले. “त्यांनी मला शिकवलंय, आई. सुई कशी धरायची ते त्यांनी माझा हात हातात घेऊन शिकवलं. मी कमिटीत उभी राहून त्यांच्याकडे बोट नाही दाखवणार. माझी नोकरी गेली तरी.”

“तू नको दाखवू. तोंड चालवायचं खातं आपल्या घरात माझ्याकडे आहे.”

बाहेर राउंडची पावलं वाजली. निखारा आता गुडघ्याच्या वाटीखाली सरकला होता आणि चांगला फुलला होता. माईंनी चादर मुठीत धरली.

६

मोठे सर आत आले, मागे हाडवाले डॉक्टर, सिस्टर, चष्मेवाला. मोठ्या सरांनी माईंच्या तोंडाकडे पाहिलं आणि पाऊल थबकलं.

“दुखतंय तुम्हाला,” ते म्हणाले.

“दुखू दे. तुमच्याशी बोलायचंय, आणि मी बेशुद्ध पडत नाही तोवर बोलून घेते.”

हाडवाले डॉक्टर काही म्हणणार होते. सिस्टरनी त्यांच्या बाहीला हात लावला.

“टेलरबाईंना दोन सुया टोचल्यात,” माई म्हणाल्या. “सिस्टरनी पाहिलंय. दुसरी देताना तिचा गुडघा नाचला, मी पाहिलाय. नाचवायचं यंत्र मुठीत मावतं म्हणतात. आणि देणाऱ्याने तिला आकडा विचारला नाही. मी शाळेत फार गेले नाही, डॉक्टर. मला एवढंच सांगा, माझं कुठे चुकलं?”

 मोठ्या सरांनी सुनेकडे पाहिलं. ती जमिनीकडे बघत होती. मग त्यांचा हात हिरव्या कोटाच्या खिशात गेला आणि तिथेच राहिला.

“नाही चुकलं,” ते म्हणाले.

“सर?” चष्मेवाला म्हणाला.

“मी दारावरून जात होतो. कागदावर दोन लिहिलेलं होतं, आणि चेहरा नऊ सांगत होता. चादर तोंडात धरून रडत होती ती. मांडीत कळ येत होती. नियमाने वागायचं तर आधी तिने दुखतंय म्हणायला हवं होतं, मग लिहायचं, मग औषध. ती म्हणेना. मी खुणेनेच विचारलं तर मान हलवून समोरच्या खाटेकडे बोट दाखवलं. तिला कुणासमोर तरी रडायची लाज वाटत होती.” त्यांनी माईंकडे बघायचं टाळलं, आणि तेच माईंना जास्त लागलं. “मी जुना माणूस. माणूस रडत असताना आकड्याची वाट बघत बसणं मला जमत नाही. थोडंसंच औषध दिलं. पाय लुळा पडेल हे मला कळायला हवं होतं. तिला चालायची परवानगी मिळालीय, हे मला माहीत नव्हतं. विचारलंच नाही मी.”

“मग पडली तेव्हा का नाही बोललात?” हाडवाले डॉक्टर म्हणाले. त्यांचा आवाज पहिल्यांदाच खोलीपुरता होता.

“बोलणार होतो.”

“कधी?”

“ती शुद्धीवर आली की. ती स्वतःच सांगेल, तेव्हा मी—”

“आणि नसती आली तर?” माई म्हणाल्या.

मोठे सर रिकाम्या खाटेकडे वळले.

“तिचं दुखणं तुम्हाला पडद्यामागून दिसलं,” माई म्हणाल्या. “आणि ही पोरगी दुपारपासून तुमच्या डोळ्यांसमोर उभी होती. हिच्या तोंडाकडे नाही बघितलंत. हिचा आकडा किती होता?”

मोठ्या सरांनी खिशातून हात काढला. मुठीत एक जुनं, कडा झिजलेलं यंत्र होतं. ते त्यांनी सुनेपुढे धरलं. ती घेईना, तेव्हा खाटेच्या टेबलावर ठेवलं.

“कमिटीला मी सांगतो,” ते म्हणाले. “सगळं. तू फक्त शेजारी बस. नको असेल तर बसूही नकोस.”

“बसेन, सर,” सून म्हणाली. तिच्या आवाजात राग होता, आणि तो तिने लपवला नाही. माईंना ते आवडलं.

सगळे निघाले. सून दारापर्यंत जाऊन परत आली. त्याच वेळी अतिदक्षता विभागाची सिस्टर धापा टाकत वर आली आणि थोरल्या सिस्टरच्या कानाशी लागली. थोरल्या सिस्टरनी वळून सांगितलं, “टेलरबाईंनी डोळे उघडले. मुलींना ओळखलं. पायाला काय झालं विचारतायत.”

सून भिंतीला टेकली आणि हळूहळू खाली बसली. माईंनी तिला रडू दिलं. भिंतीकडे तोंड फिरवलं नाही. तिच्याकडे बघत राहिल्या. बघताना अवघड गेलं, पण बघितलं.

“सिस्टर,” त्या जरा वेळाने म्हणाल्या, “टेलरबाईंना निरोप द्या. म्हणावं, ब्लाउज खांद्यात चुकलाय हे खरंय. बरी झाली की उसवून दे. आणि आकडा विचारला की खरा सांग म्हणावं. मी काही बोलणार नाही.”

सून डोळे पुसून उठली. खाटेजवळ आली. माईंच्या मुठीत चादरीचा चोळामोळा झाला होता, ओठांवर घाम होता. ती कमरेत वाकली आणि दिवसभरात इतरांनी विचारलं तेच तिने विचारलं.

“आई, शून्य ते दहा. किती?”

माईंनी समोरच्या रिकाम्या खाटेकडे पाहिलं.

“आठ,” त्या म्हणाल्या. मग डोळे मिटून, “साडेआठ लिही. दुपारपर्यंतची शून्यं खरी आहेत. संध्याकाळचं खोडून टाक.”

सुनेने काही लिहिलं नाही. तिने माईंची चादरीवरची मूठ सोडवून आपल्या हातात घेतली. नात्यातल्या माणसाला सुई द्यायची नाही हा नियम होताच, म्हणून तिने दारातल्या चष्मेवाल्याला बोलावलं, मशीन आणायला सांगितलं. तो लगबगीने मशीन ढकलत घेऊन आला, तयारीला लागला, आणि हातात पट्टी घेऊन वाकला.

“ए चष्मेवाल्या,” माई डोळे न उघडता म्हणाल्या, “पट्टी लावशील ती आधी कोपरा दुमडून लाव. काढताना दुखत नाही. ही शिकवेल तुला कसा दुमडायचा.”